खंडेनवमीचा पोचा

अण्णांची मोटार मी ठोकली, ड्रायव्हर मल्लप्पानं नाही. पन्नाशीत आज हे सहज लिहितो. तेव्हा वेळेवर म्हटलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. सोलापुरात घराला लागूनच त्यांचा चादरींचा कारखाना, आणि त्या सत्तरच्या दशकात दारात काळीभोर मोटार! मल्लप्पा ती इतकी पुसायचा, की तिच्यात अख्खं आभाळ दिसायचं. मी तेवीस वर्षांचा, बेकार आणि स्वप्नाळू. खंडेनवमीच्या सकाळी मल्लप्पा झेंडू आणायला गेला. किल्ली गाडीलाच. मी नुसता बसलो. मग नुसती सुरू केली. बॉनेटवरून तरंगत येणारे ढग बघत नुसता निघालो. (विमानात असंच वाटत असावं. विमानात मी अजून बसलेलो नाही.) अचानक ढग थांबले. पुढे सुताचे दाबून बांधलेले गठ्ठे होते.

मडगार्डला परातीएवढा पोचा! रंगाला मात्र ओरखडाही नाही.

पत्र्याचं काम करणाऱ्या नागनाथमामांकडे धावलो.

"मामा, रंग न लावता पोचा निघतो का हो?"

"निगतो की! आतनं लाकडी हातोडीनं हळूहळू थापायचं. रंगाला कळतबी न्हाय."

"मग चला!"

"आज? हातोड्या पूजेला मांडल्यात. आज हत्याराला हात लावत न्हाय. उद्या ये की!"

आमच्या गाडीची पूजा तासाभरावर आली होती! घरातली हातोडी, पाना, विळीसुद्धा कुंकू लावून पाटावर बसली होती. उरलं काकूंचं लाटणं. त्याला टॉवेल गुंडाळला, चाकाशी आडवा झालो आणि आतून थापू लागलो. पत्रा पोळीसारखा फुगत वर येऊ लागला. माझी तंद्रीच लागली. थांबायचं कधी, हे मामांनी सांगितलं नव्हतं. पोचा गेला आणि टेंगूळ आलं!

त्यावर झेंडूचा जाड हार टाकला. अण्णांनी कुंकू लावायला नेमका तोच सरकवला.

"मल्लप्पा! हे काय रे?"

"अय्यो! मला ठाव न्हाय, अण्णा."

"तुझ्याशिवाय गाडी चालवतं कोण? उद्यापासून येऊ नकोस!"

मल्लप्पानं हातातलं तबक खाली ठेवलं.

"अण्णा, मी ठोकली," मी कसाबसा म्हणालो.

अण्णांचे डोळे पाणावले. "दुसऱ्याची नोकरी वाचवायला खोटं बोलतोस! मन मोठं आहे तुझं. पण बाळ, तुला गाडी सुरू तरी करता येते का?"

"येते!"

"धाकले मालक, नगा वो!" मल्लप्पा कळवळला.

पण प्रश्न त्याच्या नोकरीचा होता. मी बसलो, गाडी सुरू केली आणि सगळ्यांदेखत झोकात मागे नेली. (न्यायची पुढे होती.) मागे कारखान्याचं लोखंडी फाटक होतं.

आवाज विरल्यावर खाली उतरून हात जोडले. "मल्लप्पा, माझ्यामुळं तुझ्यावर आळ आला, माफ कर. अण्णा, दोन्ही वेळा मीच चुकलो."

या खेपेला अण्णांनी ताबडतोब विश्वास ठेवला.