सड्यावरचा बारावा आवाज

अंबाबाईची शपथ, पुढं सांगतोय ते अक्षर न् अक्षर खरं! आता माझ्या शपथेवर शिवाजी पेठेत कुणी अर्धा चहासुद्धा पाजत नाही, ही गोष्ट वेगळी. आणि अक्षर न् अक्षर म्हटलं तरी एखादं इकडंतिकडं व्हायचंच. सायकलच्या चेनला तेल लावलं की ती धूळ धरते, तशी चार माणसं दर रविवारी एकत्र निघाली की किस्से धरतात. कितीही पुसा, हाताला काळं राहतंच. आमच्याकडचं तर जरा जास्तच काळं आहे.

आम्ही चौघं. डॉक्टर, म्हणजे दातांचे. वैशाली मॅडम, हायस्कूलला गणित शिकवतात. मी, चष्म्याचं दुकान. आणि नाना.

शाहूवाडीच्या डोंगरात एक बंद पडलेली बॉक्साइटची खाण आहे. दोन पिढ्या तिथनं डंपर भरभरून लाल दगड खाली उतरला. मग दगड संपला आणि डंपरचे रस्ते तेवढे मागं राहिले. डांबर नाही, नुसती खडी आणि तांबडी माती. सायकली टेम्पोत घालून पायथ्यापर्यंत न्यायच्या आणि पुढं पेडल मारायचं. असल्या रस्त्यावर सायकल चालवण्याला हल्ली 'ग्रॅव्हल रायडिंग' म्हणतात. डॉक्टरांनी त्यासाठी खास परदेशी सायकल मागवली. नाना म्हणाले, "आमी ह्येला रस्ता खराब हाय म्हणत हुतो!"

*

नाना आमच्यात आले ते माझ्या दुकानातनं. साठी उलटलेला, काटक माणूस. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "चष्मा पायजे."

"जवळचा का लांबचा?"

"मधला."

"काँप्युटरचा?"

"सायकलच्या सीटवर बसल्यावर जमीन किती लांब ऱ्हाती? तेवढ्याचा. भोक दिसाय पायजे. वाटीएवढं असतंय."

इतकी वर्षं धंदा करतोय, पण असा नंबर कुणी मागितला नव्हता. "कसलं भोक, नाना?"

"सुरुंगाचं. भरल्यालं हाय. उडाल्यालं न्हाय."

मी चहा सांगितला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती चहा यायच्या आत निघून गेली.

*

नाना त्या खाणीत सुरुंग लावायचे. भोकं पाडायची, दारू भरायची, लाल निशाण दाखवून माणसं लांब घालवायची आणि बत्ती दिली की मोजायचं. ते मोजणं हेच खरं काम. जेवढी भोकं तेवढे आवाज. एक कमी आला तर एक सुरुंग तसाच भरलेला बसलाय असं समजायचं आणि तो सापडेपर्यंत कुणाला पाऊल टाकू द्यायचं नाही.

खाणीचा शेवटचा दिवस. बारा भोकं. त्याच दिवशी निरोपाचं जेवण. बोकड पडलेलं, रस्सा उकळतोय, सगळी खाण ताटं घेऊन बसलेली. नानांनी अकरा आवाज मोजले.

मुकादम म्हणाला, "नाना, दोन एकदम झाले. चला, रस्सा निवतोय."

होतं तसं कधीकधी, दोन आवाज एकात मिसळतात. नानांनी रजिस्टरात 'बारा' लिहिलं, सही केली आणि पंगतीला बसले. दुसऱ्या दिवसापासून खाण बंद.

पुढं काही वर्षांनी राहवेना म्हणून ते एका ऑफिसात सांगायला गेले. तिथल्या साहेबांनी जुनं रजिस्टर हुडकून त्यांच्यापुढं उघडलं. "बारा लिवलंय की! आणि सही कुणाची ही, पावणं?"

हे सगळं नानांनी पहिल्याच रविवारी सांगितलं. डॉक्टर भाबड्यासारखं विचारून बसले, "रस्सा कसा झालता?"

"पांढरा बरा हुता," नाना म्हणाले. "तांबडा घशाखाली गेला न्हाय. आजून जात न्हाय."

*

खाणीच्या वरचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट लाल कातळ, मधेमधे गवत. पहिल्यांदा पोचलो तेव्हा डॉक्टर सायकल आडवी टाकून, जो उद्योग पुरुषमाणसं आडोशाला करतात त्यासाठी बाजूला निघाले. चार पावलं गेले असतील.

"हलू नगा!"

नानांची ती आरोळी पार दरीत जाऊन परत आली. डॉक्टरांचा एक पाय वर होता, तो वरच राहिला. नाना गुडघ्यांवर रांगत त्यांच्यापर्यंत गेले. बुटाखाली वीतभर अंतरावर भोक होतं. नानांनी काडी घातली, वास घेतला, कान लावला. तेवढा वेळ डॉक्टर बगळ्यासारखे एका पायावर!

"खेकड्याचं हाय," नाना म्हणाले.

तेव्हापासून डॉक्टर सगळं कोल्हापुरातच उरकून येतात.

हसलो आम्ही खूप. पण परतताना आम्ही तिघंही एकामागं एक, नानांच्या चाकोरीतनंच चाललो. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं.

*

वैशाली मॅडमना पद्धतीशिवाय जमत नाही. "नाना, असं फिरून सापडणार नाही. चौकोन पाडू." ग्राउंडवर मारतात ती पांढरी फक्की पोत्यात घालून आम्ही वर नेली आणि सड्यावर चौकोन आखले. तपासून झालेल्या चौकोनात फुली. दर रविवारी दोन, फार तर तीन फुल्या. पाऊस पडला की सगळं धुऊन जायचं आणि मॅडम वही उघडून परत आखायच्या.

ह्यात मरण झालं धोंडाबाईचं. ती तिथली धनगरीण, तिच्या म्हशी सड्यावर चरायच्या. फुली नसलेल्या चौकोनात नाना म्हशीला पाऊल टाकू देईनात. तिला पार डोंगराला वळसा घालून जावं लागायचं.

"म्हाताऱ्या, तुज्या एका भोकापायी माजी म्हसरं अर्धपोटी मरत्याती!"

"मरूदेत की अर्धपोटी," नाना म्हणायचे. "अर्धी मरण्यापरास बरं."

श्रावणात सड्यावर रानफुलं येतात आणि फुलांमागनं गाड्या. एका रविवारी बघतो तर भर चौकोनात सतरंजी, सतरंजीवर भेळ आणि आठ-दहा माणसं. नाना लाल निशाण घेऊन धावले. "उठा! खाली सुरुंग हाय!" माणसं खदाखदा हसली. एका मुलीनं त्यांना आपल्या शेजारी उभं करून परत तेच म्हणायला लावलं, मोबाइलवर. नाना बिचारे परत म्हणाले, जास्त जोरात, लोकांना कळावं म्हणून.

'सुरुंगवाले आजोबा' म्हणून ते रील फिरलं. पुढच्या रविवारी गाड्या दुप्पट!

*

मग नानांनी खाणीच्या शेवटच्या दिवसाचे साक्षीदार गाठायला सुरुवात केली. आचारी सापडला. तो म्हणाला, "नाना, मी कांदा परतत हुतो. मला कुठलं ऐकू येतंय?" एक डंपरवाला म्हणाला, बारा. त्याचा भाऊ शेजारीच बसला होता, तो म्हणाला, "चौदा हुते!"

राहिला मुकादम. तो पेठ वडगावला मुलाकडं होता. आम्ही चौघं सायकली मारत गेलो. मुकादम खाटेवर. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, वाचा गेलेली, एक हात तेवढा जरा हलतोय. नाना खाटेशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी तब्येत विचारली नाही, पाणी घेतलं नाही.

"मुकादम, अकरा का बारा?"

मुकादमाच्या डोळ्यांत ओळख पटलेली दिसली. हात वर आला. पाच बोटं उघडली. मिटली. परत पाच. मिटली. मग एक बोट, अंगठ्याशेजारचं, ताठ.

त्याच्या शेजारचं बोट हललं. सरळ व्हायला निघालं, अर्ध्यावर आलं, थरथरलं...

"मामंजी, चहा!" म्हणत सूनबाईंनी तोच हात उचलून उशीवर ठेवला आणि बशी तोंडाला लावली.

परत विचारलं, तर त्याचे डोळे मिटलेले. ते दुसरं बोट वर आलं होतं की नव्हतं, यावर परतीच्या वाटेत आम्हा तिघांत तीन मतं झाली. नाना मागं राहून पेडल मारत होते. पंधरवड्यानं मुकादम गेला. मातीला नाना जाऊन आले. म्हणाले, "बोट बघिटलं मी. जाळायच्या आदी. वाकडंच हुतं."

*

त्यानंतर नाना खचले. रविवार पुरेना, मधल्या वारी एस्टीनं एकटे जायला लागले. छातीत दुखायला लागलं. खऱ्या डॉक्टरांनी चढ बंद सांगितला, तरी जायचे. त्यांची लेक दुकानात आली आणि फ्रेम बघायच्या निमित्तानं रडली. "काका, बाबा एक दिवस तिथंच पडून राहतील हो. तुमचं ऐकतात. कायतरी करा की!"

मी काय करणार? पण नशीब बघा. पुढच्याच रविवारी बाकीचे वर रांगत होते तेव्हा मी लवकर खाली उतरलो, तर पायथ्याच्या टपरीवर धोंडाबाई भेटली. बोलता बोलता म्हणाली, खाण बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सड्यावर वणवा लागलेला. वाळलं गवत भडाभडा पेटलेलं. आणि संध्याकाळी धारेच्या टायमाला वरनं एकच मोठा आवाज आला. म्हैस अशी बिथरली की त्या दिवशी दूधच दिलं नाही.

मी तिथनं नानांना फोन लावायचा सोडून वर पळत सुटलो. धापा टाकत सांगितलं. नाना गुडघ्यांवर होते, तसेच राहिले.

"वणवा? कुठल्या अंगाला?"

"उगवतीच्या."

"आवाज कसा? फट्ट का धप्प?"

"धप्प."

नानांनी डोळे मिटले. "म्हंजे खोलातला. जाळानं वात धरली." मग एकदम म्हणाले, "इतकी वर्सं सांगितलं का न्हाय मग तिनं?"

"म्हणाली, म्हाताऱ्यानं कधी विचारलंच नाही. नुसतं हाकलत आलाय."

नाना बराच वेळ हातातली माती चोळत बसले. मॅडमनी हळूच वही मिटली.

*

पुढच्या रविवारचं सांगून थांबतो.

वर पोचलो. नानांनी सायकल रस्त्याकडेला लावली, चपला काढल्या आणि सरळ निघाले. ज्या बाजूला अजून एकही फुली पडली नव्हती त्या बाजूला. गवतातनं, अनवाणी, पाय आपटत, देवळाच्या आवारात चालावं तसे. मधोमध गेले आणि वळून हाळी दिली, "धोंडाबाई! आण तुजी म्हसरं हिकडं!"

धोंडाबाई लांब उतारावर होती. ती बघतच राहिली.

"आदीच सांगायचं न्हाईस व्हय गं?" नाना ओरडले.

धोंडाबाईनं एकदा नानांकडं बघितलं, एकदा त्या गुडघाभर गवताकडं. मग तिथनंच ठसक्यात म्हणाली, "तू इचारलंस कवा?"

आणि म्हशींना हाकारा घातला.

म्हशी आत शिरल्या. नाना गवतात उताणे पडले आणि लहान पोरासारखे हसायला लागले. ते तसे हसलेले मी कधी बघितले नव्हते. मॅडम गेल्या. डॉक्टर गेले, बूट काढून. नानांनी मान उचलून मला हाक मारली, "या की वो चष्मेवाले! भिताय व्हय?"

"टायर बघतोय," मी म्हणालो.

टायरला काही झालं नव्हतं. मी रस्त्यावर सायकल धरून उभा होतो आणि एकेका म्हशीचं एकेक पाऊल बघत होतो.

शपथ घेतलीय म्हणून सांगतो, ह्या सगळ्यात माझ्या पदरचं एवढंच. वणव्याची बातमी आणली त्या दिवशी टपरीवर मी एकटाच होतो.