बाबा दाराशी, मी आत

बनारसच्या रामघाटाजवळच्या आमच्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्या हातात येतो. इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटीच. बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण त्या हिवाळ्यात त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. म्हणून त्यांच्या डोळ्यांचा रिपोर्टही मीच वाचला.

काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांच्या नसा बऱ्याच सुकल्या होत्या. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि उरलेलीही टिकेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. मी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"त्यांना नको सांगू," ती म्हणाली. "थेंबांनी सुधारेल म्हणावं. आधी तुझ्या त्या बेटांवर ने त्यांना. खूश होऊ देत."

बेटं माझी नव्हती, बाबांची होती. मी फक्त स्कॉटलंडमध्ये शिकत होते आणि सुटीला घरी आले होते. बाबा इथल्या इंटर कॉलेजात अकरावी-बारावीला तीस वर्षं प्राचीन इतिहास शिकवत होते. स्कॉटलंडच्याही वर, समुद्रात, ऑर्कनी नावाची बेटं आहेत आणि तिथे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी आहेत. त्यांचं एक करडं चित्र बाबा अभ्यासक्रमात नसतानाही दर वर्षी मुलांना दाखवत. काशी जुनी आहे, पण जगात आपण एकटेच जुने नाही, असं म्हणत.

जूनमध्ये ते माझ्याकडे आले. आईला समुद्राची भीती, ती आली नाही. बोटीवर बाबा कठडा धरून उभे राहिले, तोंड वाऱ्याकडे. मी शेजारी. आमच्या दोघांत बोलणं असं कधी नव्हतंच. 'जेवलीस?' 'हो.' एवढ्यावर आमची वर्षं गेली होती. आता सहा महिने तर त्यांच्याशी बोलताना मी एक गोष्ट सोडून बोलत होते आणि ती सोडली की बाकी काही उरतच नव्हतं.

थडगं एका उतारावर होतं. बाहेरून नुसता गवताचा उंचवटा आणि त्याला गुडघाभर उंचीचं दार. आजूबाजूला कुणी नव्हतं. दारापाशी लाकडी पेटीत टॉर्च ठेवलेला. बाबांनी दारावरची शिळा हातांनी चाचपली, मग बूट काढले.

"बाबा, गवत ओलं आहे."

"कुणाच्या तरी पितरांचं घर आहे हे. बूट घालून जाऊ?"

पण आत रांगत जायचं होतं. बाबा दोनदा वाकले आणि दोनदा गुडघे धरून उभे राहिले. "तू जा," ते म्हणाले. "आणि मला सांग. जे दिसतंय तेच सांग, उगीच नटवून नको."

मी टॉर्च घेऊन आत गेले. सात-आठ हात रांगल्यावर उभं राहता आलं.

"काय आहे?" त्यांचा आवाज दारातून आला.

"दगड."

"अगं, दगड आहेत हे मी पण सांगतो. ठीक से बघ."

मला शब्द सापडेनात. आधी इंग्रजी येत होते, मग हिंदी. मराठी माझ्याकडे जेवणखाणापुरती. "पातळ लाद्या आहेत, बाबा. एकावर एक. वर जाताना जवळ जवळ येतात. मध्ये चुना नाही, काही नाही. बोट पण जात नाही."

"ओल?"

"नाही. एकदम कोरडं. बाजूला कोनाडे आहेत. माणूस पाय पोटाशी घेऊन निजेल एवढे."

"इथे कुत्र्यांच्या कवट्या सापडल्या होत्या."

"आता नाहीत. म्युझियममध्ये नेल्या असतील."

"म्हणजे कालभैरवांची पलटण इथपर्यंत पोचली होती!" ते हसले. ते हसू आत येताना मोठं झालं. "बरं, मागच्या भिंतीवर उजेड पोचतो का?"

मी टॉर्च विझवला. काहीच दिसेना. "तुम्ही दारात बसलात, बाबा. जरा सरका."

ते सरकले. उजेड वाटेतून आत आला आणि भिंतीच्या हातभर अलीकडे थांबला. सूर्य मागच्या भिंतीला टेकतो, असं ते वर्गात सांगत आले होते, मला माहीत होतं. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही पोचत. थोडक्यात राहतो."

"अच्छा." मग, त्याच आवाजात, "आणि माझ्या रिपोर्टात काय लिहिलंय?"

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते ओल्या मोज्यांतले दोन पाय आणि थोडं गवत. समोर असते तर मी बोलले नसते.

"गेलेलं परत येणार नाही. उरलेलंही हळूहळू जाईल."

"किती दिवसांत?"

"ते लिहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, वर्ष, दीड वर्ष."

"आईला माहीत आहे?"

"हो."

एवढ्या लांब, त्यांच्या हौसेच्या जागी आणून मी त्यांना हे ऐकवलं होतं. मग घासत येण्याचा आवाज झाला आणि पुन्हा अंधार. बाबा रांगत येत होते, मध्ये थांबत, कण्हत. मी हात पुढे केला. तो धरून ते माझ्याशेजारी बसले आणि भिंत चाचपत राहिले.

"खरंच बोट जात नाही," ते म्हणाले.

बनारसला घरी पोचलो तेव्हा आईने आधी थेंबांचं विचारलं. "रोज घातलेत ना? फरक पडेल."

"पडणार नाही. मला कळलंय."

आई माझ्याकडे वळली. "सांगितलं होतं ना तुला? इथे वर्षानुवर्षं तोंडातून शब्द निघत नाही, आणि तिथे जाऊन बरी वाचा फुटली!"

"तिला नको बोलू," बाबा म्हणाले. "मी विचारलं, तिने सांगितलं. तुम्ही दोघी गप्प, आणि मी इकडे शिकवण्याच्या जुन्या वह्या वाचण्यात डोळे घालवत बसलो. आता काय बघायचं ते मला ठरवू दे." त्यांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली. "तू इथे बस. समोर."

"मी? माझ्यात काय बघायचंय आता?"

"बस."

"भात लावायचाय."

"लागेल भात."

आईने पदराने तोंड पुसलं आणि बसली. आधी नदीकडे पाहत राहिली. मग रागातच तिने तोंड त्यांच्याकडे केलं आणि तसंच ठेवलं. मी उठून तांदूळ धुवायला घेतले.