साहेबांची हकीकत टाईप करताना

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला मावशीकडे राहून टायपिंग शिकत होते. एक दिवस इन्स्टिट्यूटच्या सरांनी सांगितलं, कॅम्पातल्या बंगल्यात एक म्हातारे इंग्रज साहेब राहतात, त्यांना आपली हकीकत टाईप करून घ्यायची आहे. मी गेले. साहेब पंच्याहत्तरीचे, उंच, उजव्या हाताची दोन बोटं कधीतरी मोडून वाकडी जुळलेली. माझा वेग त्यांनी पाहिलाच नाही. गाव कुठलं, एवढंच विचारलं. श्रीगोंद्याच्या पुढचं आमचं गाव मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

परतताना ते काही मनातून जाईना. माझ्याहून भराभर टाईप करणाऱ्या कितीतरी मुली होत्या. मग गावाचं नाव ऐकून मला का घेतलं?

पहिला महिना सगळा क्रिकेटमध्ये गेला. साहेब तरुणपणी तिकडे विलायतेत एका काउंटीकडून खेळायचे. बोटं चेंडू झेलतानाच मोडली. मग मुंबईच्या एका जिमखान्यात खेळ शिकवायला आले, तिथे व्यापाऱ्यांच्या ओळखी झाल्या, आणि बॅट ठेवून त्यांनी मोसंबीच्या बागांचा धंदा सुरू केला. एकेका सामन्याला ते दोन-दोन दिवस घ्यायचे. वारा कुठून होता, तेसुद्धा सांगायचे. पण घरात एक फोटो नव्हता, एक बॅट नव्हती. हे सगळं खरं असेल का, असं मला टाईप करता करता वाटायचं.

एका रविवारी माझे वडील, आबा, गावाहून आले. ते तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मी साहेबांचं सांगितलं तसा त्यांचा हातातला चहा तसाच राहिला.

"बोटं वाकडी हायेत का त्याची?"

मी हो म्हटलं.

"तुज्या आज्याचं रान त्यानंच घेतल्यालं. कालव्याखालचं. पाच वर्सांसाठी म्हनून अंगठा घेतला, कागद निघाला पंचवीस वर्सांचा. आपल्याच रानात मी मजुरीनं मोसंब्या तोडल्यात. रान माघारी आलं तवा आज्जा न्हवता." मग हळूच म्हणाले, "जाऊ नको तिथं."

मी गेले. त्या रानाबद्दल साहेब काय सांगतात, ते मला ऐकायचं होतं. आठवडाभर मी वाट पाहिली. त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे काहीतरी लपवलेलं आहे असं वाटायचं. अखेर एका सकाळी ते सांगता सांगता आमच्या गावापर्यंत आले. "गावकऱ्यांनी आनंदाने जमिनी दिल्या," त्यांनी सांगितलं आणि लगेच रोपांकडे वळले.

माझी बोटं थांबली. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. मी विचारलं, "पाच वर्षं सांगून कागदावर पंचवीस लिहिली होती ना?"

"कोण म्हणतं?"

"माझे वडील."

ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "कागद माझ्या कारकुनानं मराठीत केला होता. मला मराठी येत नाही."

मला ते पटलं नाही. दोनच दिवसांपूर्वी स्वयंपाकीण माळ्याला काहीतरी चावट बोलली होती, तेव्हा व्हरांड्यात पेपर वाचणारे साहेब खुदकन हसलेले मी पाहिले होते.

"येतं तुम्हाला," मी मराठीतच म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"व्हय," ते म्हणाले. "येतं. मला समदं ठावं हुतं."

अगदी आमच्या गावच्या माणसासारखं.

"मग मला का ठेवलंत?"

"गावात अजून कोन काय बोलतंय, ते कळावं म्हनून." आणि मग पुन्हा इंग्रजीत, नेहमीच्या आवाजात, "ते वाक्य बदल. लिही, जमिनी मिळाल्या."

एवढंच. 'आनंदाने' गेलं. मी टाईप केलं, कागद काढून टेबलावर ठेवला आणि निघाले. पुन्हा गेले नाही. सर रागावले. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. पुढे काय लिहिलं, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "मी वाचत नाही गं, नुसतं टाईप करते."

आबा पुन्हा नगरला आले, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. कागद, पंचवीस वर्षं, ते त्यांना ठाऊकच होतं.

"मराठीत बोलला तुज्यासंगं?" त्यांनी दोनदा विचारलं. "आमच्याशी कदी एक शबूद बोलला न्हाई. बांधावर हुबा ऱ्हायाचा, मधी दुभाषा. तुजा आज्जा त्याच्या म्होरं हात जोडून रडला, तवा दुभाष्याकडं बघून इचारलं त्यानं, ह्यो काय म्हनतोय."

मग ते उठले, तोंडावर पाणी मारलं आणि श्रीगोंद्याची एसटी किती वाजता आहे, ते विचारलं.