गोदीवरचे हात

ग्वाल्हेरच्या पडाव चौकातून टांगा स्टेशनाकडे वळला तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्या सगळ्या पिढ्या घोड्यावर बसल्या. तू पाण्यावर बसणार." रागानं नव्हे, थकून म्हणाले. संस्थान विलीन झालं, संस्थानी फौज नव्या सैन्यात मिसळली आणि बाबांना पेन्शनवर घरी बसवलं. मला मुंबईच्या गोदीत फिटरचं काम मिळालं होतं. घरात कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. आई एवढंच म्हणाली, "खारं पाणी पिऊ नकोस हं."

मुंबईहून पुढं इंग्लंडातल्या या बंदरगावी आलो आणि निवृत्त होईपर्यंत जहाजांचे बॉयलर दुरुस्त केले. सोबत सिल्हेटचे, सोमालियाचे, येमेनचे लोक. मोडक्या हिंदीवर आमचं सगळं निभायचं. लेकीचं लग्न इथंच झालं, माझी बायको मालती इथंच गेली. तरी कुणी घर विचारलं की तोंडून ग्वाल्हेरच यायचं.

मग जुन्या गोदीवर नौदलाच्या इतिहासाचं शिल्प उभारायचं ठरलं. शिल्पकार ग्रेस, जमैकाच्या एका खलाशाची नात. तिची कल्पना अशी की जहाजाचा एक भलाथोरला दोर, आणि तो ओढणारे गावातल्या नाना देशांच्या माणसांचे हात. खऱ्या हातांचे साचे घेऊन ब्राँझमध्ये ओतलेले.

गावाच्या सभेत हॅरी उठला. नौदलातला जुना तोफची. "हे नौदलाचं स्मारक आहे. या लोकांचा इथं काय संबंध?"

मी कधी सभेत बोललेलो नाही. पण उभा राहिलो. "माझा जोडीदार सालेह, येमेनचा. तुमच्या युद्धनौकेचा बॉयलर दुरुस्त करताना वाफेनं भाजून गेला. त्याचं नाव कुठंच नाही."

"कुठली नौका?"

मी सांगितलं. हॅरी म्हणाला, "मी होतो तिच्यावर. एक कामगार गेला, एवढंच आम्हाला कळलं." आणि खाली बसला.

पुढच्या आठवड्यात ग्रेसच्या कारखान्यात माझे हात प्लास्टरमध्ये होते, तेव्हा हॅरी आला आणि शेजारच्या स्टुलावर बसून त्यानं बाह्या वर सारल्या. आता दोघांचेही हात प्लास्टरमध्ये अडकलेले. त्याचं नाक खाजायला लागलं तर ग्रेसला बोलवावं लागलं. तेवढ्या वेळात त्यानं सालेहबद्दल खूप विचारलं. तो गायचा का, त्याला मुलं होती का. दोराच्या टोकाला सालेहचं नाव कोरायचं, हे हॅरीनंच समितीकडून मंजूर करून घेतलं.

दादा, मागच्या हिवाळ्यात तुमच्याकडे ग्वाल्हेरला आलो होतो. पाटणकर बाजारातलं आपलं घर विकून तुम्ही सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात, छान केलंत. मी शिल्पाचा फोटो दाखवला. पुतणी निरखून बघत म्हणाली, "काका, इसमें तुमचा हात कौन-सा?"

मी चष्मा पुसला. फोटो खिडकीपाशी नेला. हॅरीचा कुठला, माझा कुठला, मलाच सांगता येईना. "इथंच कुठंतरी आहे," म्हणालो.

"अब इधरच राहा ना, काका."

"नाही गं," मी म्हणालो, "परवा घरी जायचंय." बोलून गेल्यावर माझं मलाच ऐकू आलं. ते खोडावंसं वाटलं नाही.