वैशालीने कॅमेरा आत नेला नाही

वैशाली गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या एडिटिंग रूममध्ये तिच्याच सिनेमावर काम करत होते. काविळीचं निमित्त झालं. "सुनंदाताई, दीदी गेली," एवढंच तिचा भाऊ बोलला... त्याला आता काही आठवडे झाले. लोक 'अकाली एक्झिट' वगैरे लिहितायत. मला तसलं लिहायचं नाही. तिचं भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुढे भांडायचंय.

आम्ही गोवंडीच्या एकाच गल्लीतल्या. दोघींच्या घरांत पदवी घेणाऱ्या आम्हीच पहिल्या, आणि हे मी अभिमानाने सांगते. कॉलेजच्या नाट्यमंडळात मात्र आम्हाला कुणी स्टेजवर घेतलं नाही. "तुमची भाषा..." म्हणायचे आणि पुढचं गिळायचे. मी कपडेपट सांभाळायचे, वैशाली विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायची. तेव्हा एक जुनं, गाजलेलं नाटक बसवलं होतं. तालुक्याच्या गावातलं वकिलाचं घर, लग्नाची गडबड, खुसखुशीत संवाद. त्यात सखू नावाची बाई आहे. ती रंगमंचावर कधीच येत नाही, तिला एकही वाक्य नाही. वकिलीणबाई भाकरी घेऊन मागच्या दाराशी जातात, विंगेकडे बघून म्हणतात, "सखू, तिथेच थांब हो. वरूनच टाकते." दर प्रयोगाला हशा. आणि विंगेत नेमकी त्या जागी वैशाली. फेकलेली भाकरी तिच्याच ओढणीत पडायची. एकदा मला म्हणाली, "सुने, अख्खं नाटक मी सखूच्या जागेवरून पाठ केलंय गं. पुढून कसं दिसतं मला माहीतच नाही."

पुढे तिने त्यावर सिनेमा करायचं ठरवलं. परवानगीसाठी आम्ही बोरिवलीला नाटककारांच्या मुलाकडे गेलो. त्या काकांची अट एकच : एक शब्दही बदलायचा नाही. "नाही बदलणार, काका," वैशाली लगेच म्हणाली. खाली उतरल्यावर मी तिच्यावर उखडले. ती हसली. "शब्द त्यांचे. कॅमेरा कुठे ठेवायचा ते माझं."

तिने तो मागच्या दाराबाहेर ठेवला, सखूच्या शेजारी. सबंध सिनेमात घराच्या आतला एकही शॉट नाही. आतले संवाद जसेच्या तसे ऐकू येतात. दिसते ती ऐकणारी सखू. वकिलाचं काम करणारे नावाजलेले नट वैतागले. "अहो मॅडम, मी दिसणार कधी?"

"मागे हात धुवायला याल तेव्हा, सर."

कच्चा कट बघून काका लालबुंद. "हे आमचं नाटकच नाही!"

"बदललेला एक शब्द दाखवा, काका."

नाटकाचं पुस्तक मांडीवर घेऊन त्यांनी पुन्हा पाहिला. सापडला नाही. मग पुटपुटले, "हसू कुठेच येत नाही पण."

"बाहेर उभं राहिल्यावर नाही येत," वैशाली म्हणाली.

ती गेली आणि निर्मात्याला कंठ फुटला. आतले चार प्रसंग शूट करून घालू, प्रेक्षकाला जरा घर दिसू दे, शेवटी तिचा फोटो टाकू... "तिच्या आठवणीसाठीच ना!" ती असती तर हे बोलायची त्यांची टाप नव्हती. पण वैशालीने करारातच घालून घेतलंय, ती नसेल तर शेवटच्या कटला माझी सही लागेल. म्हणून गोड बोलणं चाललं होतं. पुढचे सिनेमेही तुमच्याकडेच देऊ, म्हणाले. खोटं कशाला सांगू, एक दिवस मी विचार केला.

मग लॅपटॉप घेऊन गोवंडीला तिच्या आईकडे गेले. वैशालीच्या खोलीत भिंतीवर शूटिंगचा नकाशा अजून चिकटवलेला आहे. घराच्या जागी नुसता रिकामा चौकोन, आणि मागचं अंगण मात्र दगडांसकट काढलेलं. त्याच्याखाली बसून आम्ही सिनेमा पाहिला. संपल्यावर मी तिच्या आईला विचारलं, "मावशी, आतलं घर दाखवायला हवं होतं का?"

"कशाला? आपून कवा गेलतो आत?"

मी तिथूनच निर्मात्याला फोन लावला. "आतलं काही शूट होणार नाही. झालं तर माझी सही नाही." ते समजावत बसले. प्रेक्षक, थिएटर, मार्केट... मावशींनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"ठेव तो फोन. पयल्यापासून लाव पिच्चर पुन्ना."