चाळीसच्या पुढे

खडकीच्या संपत मेकॅनिकची एक खोड होती. स्पीडोमीटरची नवी केबल आली, की लगेच बसवायची नाही. आधी ती खिळ्याला टांगायची, वरून तेल सोडायचं आणि ते सावकाश खालच्या टोकापर्यंत उतरू द्यायचं. गिऱ्हाईकाने घाई केली, तर "मग शोरूमला न्या" म्हणून हा मोकळा.

वारज्याच्या तात्यारावांची जुनी फियाट आली तेव्हाही त्याने तेच केलं. केबल तुटून काटा शून्यावर पडला होता. तो चालू झाला की संध्याकाळी रविराज नावाचा कुणी हौशी गाडी विकत नेणार होता. तात्यारावांना ती विकायची नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण बायको, सुशीलाबाई, गेल्यापासून त्यांना त्या गाडीत बसवेना. बाई रस्ता कधी बघायच्याच नाहीत, डोळे सगळे काट्यावर. चाळीसच्या पुढे गेला, की डॅशबोर्डवर बांगडी आपटायच्या.

"आता कोण अडवणार मला?" एवढं बोलून तात्याराव समोर चहाला जाऊन बसले.

संपतने तुटकी केबल ओढून काढली, मीटर पुसून परत बसवला, मधेच डबा खाल्ला आणि ट्रायलला निघाला. काटा झकास चढला. चाळीस ओलांडले आणि डावीकडे डॅशबोर्डवर टक् झालं. काचेच्या बांगडीचा आवाज, दुसरा कसला नाही. शेजारची सीट तर रिकामी. त्याने वेग कमी केला, पुन्हा वाढवला. पुन्हा टक्. भल्या दुपारी संपतची पाचावर धारण बसली.

परत येऊन त्याने तात्यारावांच्या हातात चावी दिली, एकदा तुम्हीच चालवून बघा म्हणाला. स्वतः मागे बसला. पुढे बसायची त्याची छाती झाली नाही.

चाळीसच्या पुढे टक् झालं. तात्यारावांचा पाय आपोआप उचलला गेला. त्यांनी डावीकडे वळून पाहिलं नाही, डोळे मात्र घळाघळा वाहायला लागले.

"हो गं," ते म्हणाले, "हळूच चालवतोय."

रविराजला फोनवरच नकार गेला आणि फियाट वारज्याच्या रस्त्याला लागली. संपतलाही जरा बरं वाटलं. नवरा-बायकोचा मामला, आपण कशाला भ्यायचं, असं म्हणत तो अवजारं आवरायला आत गेला.

खिळ्याला नवी केबल तशीच टांगलेली होती. जेवणाच्या नादात ती बसवायची राहूनच गेली होती. तिच्या टोकाशी तेलाचा थेंब जमला होता.