वाटेवरचं शेण

आज सकाळी आमच्या गल्लीत मधोमध शेण पडलं होतं. लोक नाक मुरडून बाजूने जात होते. मी मात्र थबकले.

कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी पाठीवर सॅक घेऊन जंगल तुडवायला निघालो आणि वाट चुकलो. उन्हं कलली, पाणी संपत आलं, आमची बडबड तर कधीच संपली होती. तेवढ्यात पुढे चालणारी मीना वाकली नि म्हणाली, "अगं, शेण. अजून ओलं आहे."

देव भेटल्यासारख्या आम्ही त्याभोवती उभ्या राहिलो. गुरं इथवर चरायला येतात, म्हणजे गाव जवळच. घरची वाट ठाऊक असलेलं कुणीतरी नुकतंच इथून गेलं होतं.

आज गल्लीतही, नाक धरायच्या आधी, मला हायसं वाटलं.